सुप्रियाचे भरून आलेले पाय

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर तोंड उघडलं नसतं, इतका मी भित्रा.

दादरला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. दहा वर्षांपूर्वी डिलाईल रोडवरच्या मुलींच्या एका कबड्डी संघाला मी व्यायाम शिकवायला जायचो. फुकट, पण उपकार केल्याच्या तोऱ्यात. त्यांचे प्रशिक्षक अण्णा — जुने गिरणी कामगार, तेल चोळलं की सगळं बरं होतं असं मानणारे. मला त्यांचा तिटकारा होता. ते मैदानाच्या मातीला हात लावून कपाळाला लावायचे आणि मी मागे उभा राहून हसायचो. शिकलेला ना मी!

घोडपदेवची सुप्रिया या संघाची मुख्य चढाईपटू. एका कंपनीच्या संघाची निवड चाचणी होती. निवड झाली तर पक्की नोकरी. आई लोकांकडे पोळ्या लाटायची, घरात दुसरं मिळवतं कोणी नाही. चाचणी बुधवारी, आणि सोमवारी मी तिला नवा व्यायाम दिला. गुडघ्यांवर बसायचं, मागून कोणीतरी घोटे धरायचे, आणि धड ताठ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचं. मांडीचा मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, लांबत असतानाच भार पेलतो. व्यायाम उत्तम आहे. पण पहिल्यांदा जास्त झाला, तर तोच स्नायू तीन-चार दिवस दुखतो, आखडतो, त्यातली ताकद उतरते. मग आपोआप पूर्ववत होतो. हे मला ठाऊक नव्हतं? पाठ होतं.

"परवा ट्रायल आहे, डॉक्टर," अण्णा म्हणाले. "आज नको. पोरीचे पाय भरून येतील."

बरोबर बोलले होते. म्हणूनच मला झोंबलं — हा तेलवाला मला शिकवणार? मी ठरवलं होतं त्याच्या दुप्पट करून घेतलं. ती कुरकुरली नाही. सर सांगतायत म्हटल्यावर कशाला कुरकुरेल?

बुधवारी तिचा पाय बोनस रेषेपर्यंत पोचेना. तीन चढायांत तीनदा पकडली गेली. निवड समितीतल्या एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, जुनी दुखापत आहे का? हिचा खेळ चांगला आहे असं ऐकलंय, हवं तर येत्या सोमवारी पुन्हा बघू.

एवढंच सांगायचं होतं — चूक माझी आहे, सोमवारी बघा. पण अण्णा शेजारीच उभे होते. त्यांच्यासमोर? मी म्हणालो, "हॅमस्ट्रिंग मुळातच कमकुवत आहे तिची." सुप्रिया चार हातांवर होती. तिने ऐकलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टरपुढे त्या बिचाऱ्याची काय टाप?

सोमवारी ती पळाली असती, हरणासारखी. पण पुन्हा चाचणी झालीच नाही, आणि ती आमच्या मैदानावरही आली नाही. त्यानंतर कधीच नाही.

गेल्या वर्षी लालबागच्या बाजारात भेटली. मसाल्याच्या दुकानात कामाला आहे. सोबत तिची आठ वर्षांची मुलगी. "शाळेत कबड्डीला पाठव म्हणून मागे लागलीय," सुप्रिया सांगत होती, "पण मी नाही पाठवत."

"माझेच पाय घेतले असतील हिने तर, सर?"

ती उत्तराची वाट बघत होती. मुलगीही बघत होती.

मी म्हणालो, "बरं केलंस."