अर्धी पायली क्षेत्रफळ

चौथीच्या परीक्षेत मी एका मुलीला गणितात नापास केलं. चूक कोणाची होती हे मला अडीच महिन्यांनी कळलं, आणि कळलं तेव्हा मला भर शेतात बांधावर बसावं लागलं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोलीच्या पलीकडे जंगलातल्या एका गावी मी एकटाच शिक्षक होतो. वर्ध्याकडून आलेला, पुस्तकाबाहेरचं काही न मानणारा. प्रश्न असा होता: एक बांधी चाळीस हात लांब, तीस हात रुंद, तर क्षेत्रफळ किती? बांधी म्हणजे धानाचं शेत. मुलांना समजावं म्हणून तो शब्द मीच घातला होता. तिनं लिहिलं: अर्धी पायली.

मी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. "क्षेत्रफळ धान्य मोजायच्या पायलीत? उद्या दूध गजानं मोजशील!"

पोरं खो खो हसली. ती म्हणाली, "पण गुर्जी, बांधी खोल हाय का उथळ, तुमी सांगतलंच नाई."

मला तो उद्धटपणा वाटला. शून्य दिलं. त्या शून्यानं ती नापास झाली. पास झाली असती तर गडचिरोलीला मामाकडे राहून पाचवीला बसणार होती. बापानं मला तसं आनंदानं सांगितलंही होतं.

शाळा उघडली, ती आली नाही. मी तिच्या शेतावर गेलो. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, चालली होती. समोरच्या बांधीची एकही कड सरळ नव्हती. माझी लांबी गुणिले रुंदी तिथं चालली नसती. तिनं बांधावरून एक चक्कर मारली आणि बापाला म्हणाली, "चार विसा पेंढ्या टाका. त्या कोपऱ्यात खोल हाय, रोप सडते, तिथी पाच जास्तीच्या."

पेंढी म्हणजे उपटलेल्या रोपांची जुडी. चार विसा म्हणजे ऐंशी. बाया लावत गेल्या, मी मनात मोजत राहिलो. बांधी भरली तेव्हा मूठभर रोपं उरली होती.

मी बापाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊ, चाळीस हात बाय तीस हाताची बांधी केवढी?"

"अर्धी पायलीची," तो मान वर न करता म्हणाला. "खोल असन त जरा जास्त. आमी बियानंच जमीन मोजतो. काऊन?"

तिथंच मी बसलो. पोरीनं उत्तर चुकवलं नव्हतं. माझा प्रश्न अर्धवट होता, आणि तिनं तो मला दाखवूनही दिला होता.

"तिला शाळेत पाठवा," मी म्हणालो.

"आता काऊन गुर्जी? तुमीच त सांगतलं, तिले हिसाब येत नाई. मामाले तसाच निरोप धाडला."

"पुन्हा परीक्षा घेतो मी."

ती चिखलातून म्हणाली, "राहू द्या गुर्जी. पोरं अजून मले अर्धी पायलीच म्हनतात."

बाया हसल्या. तेव्हा 'माझी चूक झाली' म्हणायला हवं होतं, सगळ्यांसमोर, जशी मी तिची चेष्टा सगळ्यांसमोर केली होती. मी 'बघू' म्हणालो आणि चपला हातात घेऊन निघालो.

पुढे मी वर्ग दोरी घेऊन बांध्यांवर नेऊ लागलो, आधी मुलांना विचारू लागलो. ती मात्र शाळेत आली नाही. बदली होईपर्यंत माझ्या तोंडून ते वाक्य निघालं नाही.