बल्ब मंदावला की दुसरं बटन

आईच्या आवाजाची आमच्याकडं एकच कॅसेट आहे. बारावीत असताना मी तिच्या जात्यावरच्या ओव्या टेपमध्ये भरून घेतल्या होत्या. ती जाऊन तीन वर्षं झाली आणि यंदा बाबांनी ती कॅसेट मागितली. म्हणाले, "एकदा नीट ऐकव. कान हाएत तवर."

टेपचा सेलचा खण कधीच गंजून गेलेला, आणि बाजारच्या अडॅप्टरवर तो नुसता घोंघावायचा. त्या आवाजात आई बुडून जायची. मी पडलो विज्ञानाचा मास्तर. म्हटलं, पॉवर सप्लाय घरीच बनवू! परभणीच्या भंगारातून भाकरीएवढा गोल ट्रान्सफॉर्मर आणला, घोंघाट गाळायला पाण्याच्या ग्लासाएवढे दोन कपॅसिटर लावले आणि सगळं एका डब्यात बसवलं. बायको म्हणाली, "एवढुशा टेपला एवढं? गिरणी चालवायची का त्याच्यावर?" मी म्हणालो, "तुला न्हाई कळायचं."

रविवारी बाबा धुतलेलं धोतर नेसून खुर्चीत बसले. मी टेप न जोडता आधी नुसतं बटन दाबून पाहिलं. फट्! घरातला मेन फ्यूज उडाला.

मग मी तेच केलं जे आमच्या गावात सगळे करतात. फ्यूजमध्ये तार डबल टाकली. वर्गात ह्याच गोष्टीवरून मी पोरांना झापतो. या वेळी फ्यूज टिकला, पण डब्यातले डायोड फुटले आणि खोलीत धूर झाला. बाबा उठून बाहेर गेले. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी विचारलं, "काय करायलास रे, गुरुजी? व्हतंय काय नेमकं?" मी सांगितलं की कपॅसिटर रिकामे असतात, बटन दाबलं की पहिल्या झटक्याला भसाभस करंट ओढतात.

"मंजी शिवारातल्या लाईटच्या डीपीवानीच की! लाईट आल्याबरुबर समद्यांच्या हिरीवरच्या मोटारी एकदम उठल्या की डीपी जळून जाती. म्हणून तर आमी पाळी लावली. तुझ्या डबड्याला बी दमानं दे की."

सातवी नापास माणसानं बीएस्सीवाल्याला शिकवलं. लाज वाटली, पण करतो काय! नवे डायोड घातले आणि वायरीच्या मधे शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब जोडला. आता करंटला त्या बल्बातूनच जावं लागणार. बल्बला बगल देणारं दुसरं बटन वेगळं ठेवलं.

पुढच्या रविवारी बाबा पुन्हा धोतर नेसून बसले. पहिलं बटन दाबलं. बल्ब झगझगला, हळूहळू मंदावला, म्हणजे कपॅसिटर भरले. मग बाबांनीच दुसरं दाबलं. फ्यूज जागेवर! टेप जोडला. घोंघाट अजिबात नाही.

ओवीच्या आधी आई बोलत होती. इतकी वर्षं ते घोंघाटात कधी ऐकूच आलं नव्हतं. "आरं थांब की! आधी जरा दम तर खाऊ दे मला. लय घाई हाय बग ह्या पोराला."

बाबा हसले. डोळे पुसत म्हणाले, "तवाबी असाच व्हतास."

मला रडू आवरेना. ओवी सुरू झाली होती, तरी बाबांनी मला कॅसेट मागं घ्यायला लावली.