मामांचं सर्टिफिकेट

ऑफिसात त्यांना सगळे मामाच म्हणत. कंपनीचे सगळे रिपोर्ट ज्या सर्व्हरवर चालायचे, तो अकरा वर्षं त्यांच्या ताब्यात होता. की ते त्याच्या ताब्यात होते, कोण जाणे. बायको आणि मुलगी दुसऱ्या शहरात. मामा इथं एका भाड्याच्या खोलीत. सहा वर्षं बदली मागून मागून थकले, तेव्हा साहेब म्हणाले, "सर्व्हर अ‍ॅडमिनची परीक्षा पास व्हा, बदलीचं माझ्यावर सोपवा." मामांनी ते खरं मानलं. माणूस भोळा, दुसरं काय.

पहिल्या खेपेला आपटले. प्रश्न होता, रिपोर्ट हळू उघडताहेत, आधी काय कराल? मामांनी निवडलं, 'वापरणाऱ्यांशी बोलेन.' कारण आमच्याकडे विक्री विभागातल्या बाई चाळीस रिपोर्ट उघडे टाकून जेवायला जातात. पुस्तकाचं उत्तर होतं, सर्व्हरच्या नोंदी तपासा.

"मी खरं तेच सांगितलं की," ते मला म्हणाले.

"मामा, तिथं पुस्तकातलं विचारतात." मी शेजारच्या टेबलावरची, वयानं लहान, तोंडानं मोठी.

मग रोज डबा खाताना मी प्रश्न विचारायचे. सर्व्हरच्या बिनखिडकीच्या खोलीत, थंडीनं स्वेटर घालून, मामा अकरा वर्षांचा अनुभव गिळायचे आणि पाठ केलेलं उत्तर द्यायचे. मला त्यांची दया यायची. दुसऱ्या खेपेला ते पास झाले.

साहेबांनी हात मिळवला. "बरं झालं. सर्व्हरवाल्या कंपनीच्या नव्या कंत्राटात अट आहे, या सर्व्हरवर सर्टिफिकेटवाला माणूस कायम हजर हवा. तुमचं नाव कळवून टाकलंय. तीन वर्षांसाठी."

"आणि बदली?"

"आता तुम्हाला कसं सोडणार, मामा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भांडायला उठले, तर मामांनीच हातानं खाली बसवलं.

जागेवर येऊन त्यांनी मुलीला फोन लावला. "पास झालो गं." तिकडून ती भरभर बोलत सुटली. "नको, माझ्यासाठी कपाट एवढ्यात रिकामं करू नकोस. इथं माझ्यावाचून अडतं म्हणतात."

आवाजात त्यांनी अभिमान आणला होता. पोरीला तो खरा वाटला असावा, कारण मामा दोनदा तिला थँक्यू म्हणाले.