तात्यांचा वाफा आणि आईचा मारुती

खुरपेतात्या देवळापुढून जाताना हात जोडत नसत. पण वाटेत गांडूळ दिसलं, तर धोतर सावरून बाजूला होत आणि त्याला आधी जाऊ देत. "ते काम करतं," म्हणत. त्यांचं आडनाव वेगळंच होतं. हातात सदा खुरपं, म्हणून ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीनं हे नाव ठेवलं. उभा जन्म छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेला, बायको गेली, मूलबाळ नाही. उतारवयात माती हाती लागली.

देवाशी वैर असलेला हा माणूस सत्यनारायणाची एकही पूजा चुकवत नसे. कथा संपता संपता नेमका उंबऱ्यात हजर. "देवाशी माझं भांडण आहे, शिऱ्याशी नाही," असं सांगून दोन द्रोण हाणायचे. माझ्या आईचा केळं घातलेला शिरा असला, तर तिसराही. घरी स्वतःच पेज शिजवून खायचे. दुसऱ्याच्या हातचं गोडधोड काय ते एवढंच. आई बडबडायची, "कथा ऐकायला कान नाहीत, खायला तोंड बरं आहे!" आणि चौथा द्रोण झाकून त्यांच्या खोलीवर पाठवायची.

त्या वाडीत अजून सांगतात, की खुरपेतात्यांनी देव फोडला. परवा एका लग्नात तिथल्याच कुणाच्या नातवानं ती गोष्ट मलाच रंगवून सांगितली. देव त्यांनी फोडला नाही. मी फोडला. हे सांगू शकेल असं आता माझ्याखेरीज कुणी उरलं नाही, आणि माझाही फार भरवसा नाही.

विहिरीमागे एक वाफा होता. कधीकाळी तिथे कुणी तुळस लावली असेल. आमच्या वेळी तिथे वाडीतल्या समस्त देवांचं निर्माल्य पडायचं. निर्माल्य समुद्रात सोडायचं, हे सगळ्यांना ठाऊक. पण चौपाटीपर्यंत चालावं लागे आणि वाफा दाराशी होता. निर्माल्याला पाय लागू द्यायचा नाही, म्हणून आत कुणी शिरत नसे. आणि कुणी शिरत नसे, म्हणून आणखी टाकत. कुजक्या झेंडूचा ढीग आणि त्यावर माजलेली घाणेरी.

एके वर्षी होळी झाल्यावर तात्या फावडं घेऊन त्यात उतरले. बायका ओट्यावर जमल्या.

"अहो तात्या, निर्माल्याला पाय लागतोय!" आई ओरडली.

"मग काय हातांवर चालू?"

"पाप लागेल!"

"वहिनी, देवानं वास घेऊन टाकलेलं आहे हे. आता झाडाला जेवू द्या."

घाणेरीची मुळं उपटता उपटता त्यांना घाम फुटला. सुपाऱ्या, करवंट्या, फुटक्या पणत्या निघाल्या. "वाडीनं देवाला दिलेलं सगळं त्यानं इथे परत केलंय," ते म्हणाले. खालची माती मात्र काळीभोर, हाताला लोण्यासारखी. तिथे शेवंती आणि अबोली लावायची ठरली. तिकडे बायकांनी कोणत्या वारी कुणाच्या देवाला कुठली फुलं, हेही ठरवून टाकलं. "रोप रुजायचंय अजून, आणि वाटण्या झाल्या!" तात्या हसले.

शेवटच्या कोपऱ्यात फावडं खणकन वाजलं. तात्यांनी वर काढला तो कमरेखालचा मारुती. दोन पाय आणि शेपूट; वरचा तुकडा पुढेही कधी सापडला नाही. चिखलात राहून काळाठिक्कर पडलेला.

"देव फोडला हो!" पहिली किंकाळी आईची.

तो आमचाच मारुती होता. दोन वर्षांपूर्वी देव्हारा पुसताना माझ्या हातून पडून दुभंगला होता. भंगलेली मूर्ती घरात नको, चौपाटीवर नेऊन सोड, असं आईनं डोळे पुसत बजावलं. मी निघालो, तोच मित्रांनी नाटकाला हाक मारली. पडदा वर जायची वेळ झालेली. मी दोन्ही तुकडे वाफ्यात भिरकावले आणि मनाला समजावलं, फुलांतच तर ठेवतोय. घरी सांगितलं, सोडला. मी तेव्हा चांगला मिशी राखलेला कारकून होतो. पोरवयाची सबब नाही.

आईला संशय येणं शक्यच नव्हतं. तिचा मारुती पांढराशुभ्र आणि समुद्रात. म्हणून सगळ्यांत जास्त तीच कडाडली, "देवावर फावडं घातलेल्या हातची फुलं आमच्या देवांना चालायची नाहीत!"

तात्यांनी मूर्तीवरची माती झटकली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लागलं असेल माझंच फावडं."

मी खाली वाकून चपलेतला खडा शोधत होतो. खडा नव्हता.

शेवंती अशी फुलली, की विहिरीवर आलेल्या बाईनं घागर विसरावी. पण वाडी बाजारातून फुलं विकत आणू लागली, आणि पूजेचं बोलावणं तात्यांना बंद झालं. पौर्णिमेला शिऱ्याचा वास त्यांच्या दारावरून जाई. ते वाफ्यापाशी बसून राहत. चौथा द्रोण आई आता मला द्यायची. मी खायचो.

पुढच्या वर्षी पुतण्या त्यांना शिवडीला न्यायला आला. निघायच्या आधी तात्यांनी मला वाफ्यापाशी बोलावलं आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी हातात ठेवलं.

"घे. तुझा मारुती."

"तात्या, तुम्हाला माहीत—"

"ओट्यावरच बसलो होतो त्या संध्याकाळी. नेम चांगला आहे तुझा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्यासाठी गप्प बसलो असं नको समजूस, बाळ्या. फुलं झाडावर राहिली ना? आमच्या हिनं जन्मभर झाडं लावली, पण फूल झाडावर सुकलेलं कधी पाहिलं नाही. उजाडायच्या आत देवाच्या डोक्यावर." मग गाडीत चढता चढता म्हणाले, "शिरा तेवढा महाग पडला. आईला काय सांगायचं ते तू बघ. समुद्र अजून तिथेच आहे."

तात्या शिवडीलाच वारले. मी एकदाही भेटायला गेलो नाही.

ते वाडीतून गेले त्या संध्याकाळी मात्र चौपाटीवर गेलो आणि मारुतीचे पाय पाण्यात सोडले. परत आलो, तर घरात कथा नुकतीच आटोपलेली.

"कुठे होतास रे इतका वेळ?" आईनं विचारलं.

"फिरायला."

तिनं द्रोण पुढे केला. मी खाल्ला. शिरा नेहमीसारखाच उत्तम झाला होता.