टाकीतलं चांदणं

शैला डोळे मिटते खरी, पण निळा उजेड पापण्यांच्या आतपर्यंत येतो. ती सोफ्यावर आडवी झाली आहे. समोर माशांची काचेची टाकी आणि तिच्या झाकणाखाली निळ्या दिव्यांची बारीक पट्टी. थोरली बहीण कुंदाताई त्या पट्टीला चांदणं म्हणायची. नऊला टाकीतला पांढरा दिवा बंद, मग दीड तास चांदणं, साडेदहाला तेही बंद. ताई शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरही शाळेसारखंच चालवायची. तिला जाऊन आज सत्तेचाळीस दिवस झाले, आणि चांदणं रात्र रात्र जळतंय.

त्याचं कारण शैलाने कुणालाच सांगितलेलं नाही. ताईने जिथे प्राण सोडला तिथे, या टाकीसमोरच, तेराव्यापर्यंत दिवा तेवत ठेवायचा होता. तेल घालायचं काम शैलाचं. चौथ्या रात्री तिला झोप अनावर झाली, आणि जाग आली तेव्हा वातीचा कोळसा झालेला. हाताला काडेपेटी सापडेना, म्हणून तिने घाईघाईने टाकीचं चांदणं लावलं, मग चाचपडत दिवा पेटवला आणि मूग गिळून बसली. तेरावं झालं, दिवा उचलला, पाहुणे गेले. चांदणं बंद करायचं मात्र तिच्या जिवावर येतं.

इकडे मासे मरू लागलेत. अकरांतले पाच उरलेत, तेही एकमेकांचे पर कुरतडतात. आज दुपारीच तिने सहावा कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला.

"शैले, पाय आवर."

शैला पाय आवरते. ताई सोफ्याच्या कडेवर बसते. चष्मा कपाळावर सरकवलेला, डोळे लालभडक.

"कशी आलीस गं?"

"उजेड दिसला, आले."

शैलाला केवढं बरं वाटतं. म्हणजे चांदणं वाया गेलं नाही. ती उठू लागते. "चहा टाकते."

"नको बाई. आधीच डोळ्याला डोळा नाही."

सोफा कडक होतो, कारण तो आता बाक आहे. ही ताईच्या शाळेची प्रयोगशाळा. पुढच्या बाकांवर मुलं नाहीत, मासे आहेत, सहा, आपापल्या जागी ताठ उभे. सगळे टक्क डोळ्यांनी फळ्याकडे बघतात. कुंडीतल्याच्या अंगाला अजून माती आहे.

"मासा डोळे का मिटत नाही?" ताई विचारते.

शैला साठीची आहे, तरी तिची मान खाली जाते. "माहीत नाही."

"पापण्याच नसतात त्याला. अंधार हेच त्याचं पांघरूण. आणि तू ते ओढून घेतलंस."

"चुकलं माझं. पण ताई, मी तुझा दिवा विझू दिला." आता शैलाला रडू आवरत नाही. "तुझ्या वाटेवर अंधार केला मी. म्हणून हा लावून ठेवलाय."

ताई दार उघडते. बाहेर व्हरांडा नाही, संगम माहुलीचा घाट आहे. पाण्याखाली कुणी दिवे लावल्यासारखी नदी निळी दिसते. याच पायऱ्यांवरून शैलाने अस्थी सोडल्या होत्या. ताई शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसते.

"तो विझला ते कळलं मला," ती म्हणते. "तेवढाच काय तो जरा डोळा लागला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे लगेच तू हा निळा लावलास. तेव्हापासून टक्क जागी आहे मी."

एवढ्या सगळ्या रात्री शैला स्वतःला शहाणी समजत होती, आणि ताई तिकडे या उजेडात डोळे चोळत बसली होती.

"बंद केला, तर परत येशील?"

"नाही."

गोड बोलणं ताईला जिवंतपणी जमलं नाही, ते आता काय जमणार.

"मग नाही बंद करणार मी," शैला म्हणते. "मरू देत ते मासे."

बोलून जाते आणि तिची तिलाच लाज वाटते. ताई रागावत नाही. ती तिथेच आडवी होते आणि डोकं शैलाच्या मांडीवर ठेवते.

"लहानपणी तुला थोपटून थोपटून माझा हात दुखायचा. आता तू थोपट."

शैला थोपटते. एकीकडे अंगाई आठवायला बघते, तीही धड आठवत नाही. ताईचे डोळे मिटत नाहीत. शैला त्यांच्यावर तळहात ठेवते, तर निळा उजेड बोटांमधून झिरपतो. दोन्ही हात ठेवते, तरी झिरपतो. ताई काही मागत नाही, नुसती थकून वर बघत राहते. शेवटी शैला एक हात मागे नेते. घाटाच्या भिंतीत, जिथे असायलाच हवा तिथे, चांदण्याचा प्लग आहे. ती एकदा ताईचा चेहरा डोळे भरून पाहते आणि प्लग ओढते.

अंधारात ताईचा श्वास हळूहळू संथ होतो. मांडीवरचं डोकं जड होत जातं.

शैलाला जाग येते तेव्हा खिडकी नुकती पांढुरकी झाली आहे. ती जमिनीवर, टाकीशेजारी भिंतीला टेकून बसली आहे, हातात प्लग. टाकीत अंधार. पाचही मासे तळाशी, झाडाच्या आडोशाला निपचित. ती घाबरून काचेला नाक लावते. पर हलताहेत, अगदी हळू. झोपलेत.

प्लग बाजूला ठेवून ती उठायला जाते, पण उठता येत नाही. उजव्या मांडीला मुंग्या आल्या आहेत, आणि गाऊनवर तिथे एक गोल खळगा पडलाय, अजून कोमट. शैला त्यावर हात ठेवते आणि पाय न हलवता तशीच बसून राहते.