शिक्षेचा झाडू

माझ्या मुलाने कामावरच्या दुकानातून कूलरची मोटर चोरली. हे लिहिताना अजूनही हात अडतो. मोटर त्याने परत केली, गुन्हा पहिलाच होता, म्हणून नव्या कायद्याप्रमाणे न्यायाधीशांनी त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा दिली. महिनाभर रोज सकाळी सरकारी दवाखान्याचं आवार झाडायचं. मी कोर्टाच्या पायरीवर बसून रडले, आनंदानेच. पोरगं रात्री घरी झोपणार होतं, आणखी काय हवं?

ह्यांना मात्र ते झेपलं नाही. माझे सासरे तरुणपणी गावची चावडी झाडायचे. गावाने जातीवर लादलेलं काम, मोबदल्यात शिळे तुकडे. नागपुरात येऊन त्यांनी दीक्षा घेतली आणि पुन्हा कुणाच्या दारात झाडू धरला नाही. ही गोष्ट आमच्या घरातल्या प्रत्येक लेकराला घासागणिक भरवलेली. तिचा अभिमान मलाही आहे. पण न्यायाधीशांनी झाडू जात पाहून दिला नव्हता, गुन्हा पाहून दिला होता. ह्यांना किती परीने सांगितलं! पालथ्या घड्यावर पाणी.

मुलाला ते काम मानवलं. झाडून झालं की तो म्हाताऱ्या पेशंटांना स्ट्रेचरवरून एक्स-रेपर्यंत न्यायला लागला. "आई, तिथं मले सगळे दादा म्हणतात," एकदा जेवताना म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी हसला.

मग हे बीपीच्या गोळ्या आणायला त्याच दवाखान्यात गेले. मुलगा आवारात वाकून झाडत होता. संध्याकाळी त्याला एवढंच बोलले, "तुया आज्यानं जे टाकलं, ते तू उचललं. याच्यापेक्षा जेल बरी."

एरवी बापाचं एक अक्षर न ऐकणाऱ्याने नेमकं हेच ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तो गेलाच नाही. मी हातापाया पडले, वकिलांनी बजावलं. "बाबाले पाहवत नाही," एवढंच म्हणायचा. शिक्षा पाळली नाही म्हणून कोर्टाने त्याला तुरुंगात धाडलं.

पहिल्या भेटीला हे सोबत आले, पण फाटकाबाहेरच थांबले. जाळीपलीकडे पोरगं पार वाळलेलं.

"दिवसभर काय करतं गा तू?" मी विचारलं.

"बराक झाडतो," तो म्हणाला. "आई, बाबाले सांगू नको."

मला असा संताप आला, की बाहेर जाऊन ते शब्द जसेच्या तसे ह्यांच्या तोंडावर फेकणार होते. तरातरा चालत गेले. हे उन्हात उभे होते. लेकासाठी आणलेली केळी आत नेऊ दिली नव्हती, ती पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून.

"काय करून राहिला तो आत?"

"लायब्ररीत पुस्तकं लावून राहिला," मी म्हणाले.

"मंग बरं," हे म्हणाले. बस येईपर्यंत तेवढंच म्हणत राहिले.