हेतू कुठल्या ओळीत आहे?

‘कायद्याचा हेतू असा आहे की...’ असं कुणी नवखा वकील म्हणू लागला, की बाई नाकावरचा चष्मा काढून त्याच्यापुढे धरायच्या.

“हा घाला. हेतू कुठल्या ओळीत आहे, दाखवा.”

तो ओशाळला की चष्मा परत नाकावर. “शब्द आहे, अष्टे.” अष्टे म्हणजे कन्नडमध्ये एवढंच. बाईंचे पूर्वज म्हैसूरच्या सैन्यात मराठी बोलत आले आणि बाईंपर्यंत येता येता ते मराठी अर्धं कन्नड झालं.

म्हैसूरच्या वकिलांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी होती. शब्दाला चिकटून बसणारे वकील तुम्हीही पाहिले असतील. मला बाई त्यांतल्याच एक वाटल्या. मग एकदा चित्रान्नाचा डबा माझ्याकडे सरकवत त्यांनी सांगितलं.

वकील होण्याआधी त्या सरगूरला शाळेत शिकवत. वडील म्हैसूरला भाड्याच्या घरात अंथरुणाला खिळलेले. दर शनिवारी बाई बसने यायच्या, त्यांना न्हाऊ घालायच्या, चार दिवसांचं सार करून शेजारणीकडे ठेवायच्या. वडील गेले आणि घरमालक कोर्टात गेला. कायद्याने भाडेकरूबरोबर राहणाऱ्या वारसाला घर ठेवता येई. न्यायाधीश म्हणाले, ही मुलगी सरगूरला राहते. निकालाची शेवटची ओळ बाईंना पाठ होती : ‘हेतू शोधणे हे न्यायालयाचे काम नाही; शब्द वाचावा आणि थांबावे.’

वडिलांचा पलंग रस्त्यावर उभा करून ठेवलेला त्यांनी पाहिला. नोकरी सोडली आणि कायदा शिकल्या.

“ते न्यायाधीश कुठे असतात आता?”

“निवृत्त झाले. बोगादीत घर बांधतायत.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“नोडी, बघा, मी विसरायला वकील झाले नाही.”

त्याच घरावरून खटला उभा राहिला. ज्या गृहनिर्माण संस्थेने न्यायाधीशांना जागा दिली तिची अट होती, मुदतीत राहण्याजोगं घर बांधायचं, नाहीतर जागा परत. भिंती झाल्या आणि त्यांची पत्नी आजारी पडली. ती गेली, काम थांबलं. संस्थेने जागा परत मागितली. संस्थेचं वकीलपत्र बाईंनी स्वतः जाऊन मिळवलं.

उलटतपासणीच्या दिवशी मी माझं काम टाकून मागच्या बाकावर बसलो.

“मुदत संपली तेव्हा छप्पर होतं का?”

“नव्हतं. पण अटीचा हेतू पाहा. जागा नुसत्या अडवून ठेवणाऱ्यांसाठी ती अट आहे.”

“अटीत ‘पण’ आहे का?”

“नाही.”

बाईंनी आपल्या जुन्या खटल्याचा निकाल त्यांच्या हातात दिला आणि शेवटची ओळ वाचायला लावली. वाचता वाचता म्हातारबांचा आवाज खाली गेला. त्यांनी बाईंकडे पाहिलं. तेव्हा ओळख पटली असावी.

“हा निकाल बरोबर होता का?”

बरोबर म्हणाले तर घर जाणार होतं. त्यांनी पिंजऱ्याचा कठडा धरला.

“चुकला होता. बापाची सेवा करणाऱ्या मुलीला बाहेर काढायला तो कायदा नव्हता.”

“मोठ्याने सांगा. लिहून घेणाऱ्यांना ऐकू गेलं नाही.”

त्यांनी परत सांगितलं.

“आणखी प्रश्न नाहीत.”

खटला बाई हरल्या. नव्या न्यायाधीशांनी लिहिलं, अट कशासाठी घातली हे पाहूनच तिचे शब्द वाचावेत.

“हरलात की हो,” मी म्हणालो.

“घर मिळालं त्यांना. मिळवायला काय बोलावं लागलं?” बाई हसल्या. ते हसू मला आवडलं नाही. मग डबा न उघडताच त्या म्हणाल्या, “हे त्यांना आधी सुचलं असतं, तर माझे अप्पा गेले ती खोली माझ्याकडे असती.”

गेल्या वर्षी बाई गेल्या. वकिलांच्या खोलीत शोकसभा झाली. तेच निवृत्त न्यायाधीश काठी टेकत आले आणि दाराशी उभे राहिले. मी खुर्ची पुढे केली.

“बाई असत्या तर मला बसा म्हणाल्या असत्या का?” त्यांनी हळूच विचारलं.

मला खोटं बोलवेना. “नाही,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि सभा संपेपर्यंत ते उभेच राहिले.